एकाच वारुळातल्या मुंग्या

फार जुनी गोष्ट आहे बरं का, राजे घोड्यावरून फिरत तेव्हाची. एका गावात वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं युद्ध जुंपलं. घरं जळली, माणसं गेली. वर कहर म्हणजे दोघांनी एकमेकांच्या विहिरींत विष कालवलं! युद्ध थांबलं, पण प्यायला थेंब उरला नाही.

गाव पुन्हा वसवायला राजा स्वतः आला. सोबत गावं आखणारे शास्त्रीबुवा. त्यांनी फळीवर मातीचं इवलंसं गाव मांडलं. मधोमध एकच विहीर, तिच्यात गुळाचं पाणी. दोन्ही आळ्यांत मुंग्या सोडल्या. झालं! साऱ्या विहिरीवर जमल्या नि गुण्यागोविंदाने प्यायल्या.

“बघितलंत, महाराज? गाव असंच नांदणार.”

राजा खूश झाला. वरच्या आळीचा म्हातारा पाटील मात्र डोळे बारीक करून बघत होता. दुधाने तोंड पोळलेला गडी, ताकही फुंकून पिणारा! घरी नातवंडं चिखलाचं पाणी पीत होती, तरी त्याचं मन मानेना.

“शास्त्रीबुवा, मुंग्या आणल्या कुठून?”

“राजवाड्यामागच्या वारुळातून.”

“सगळ्या?”

“हो. मुंग्यांत कसलं आलंय आपलं-परकं!”

“अहो, आमची वारुळं दोन झालीत! दोन वारुळांतल्या सोडा, मग बोलू.”

सोडल्या. त्या एकमेकींवर अशा तुटून पडल्या की विहिरीत मेलेल्या मुंग्यांचा थर साचला. पाटलाने मिशीवर ताव दिला.

“मग विहीर नकोच म्हणता?” राजाने विचारलं. “नातवंडं काय पिणार, पाटील?”

पाटलाचा मिशीवरचा हात खाली आला.

तेवढ्यात खालच्या आळीची पाटलीण पुढे आली. युद्धात तिचा मुलगा गेला होता. “विहीर खणा, महाराज. पण रोज सकाळी दोन्ही आळ्यांच्या म्हाताऱ्यांनी समोरासमोर पहिला घोट घ्यायचा, मगच पोरांनी. आमचा यांच्यावर भरवसा नाही, यांचा आमच्यावर नाही. मुंग्यांना हे सांगता येत नव्हतं, आम्हाला येतं.”

विहीर झाली. पहिल्या सकाळी पाटील आणि पाटलीण आपापला तांब्या धरून उभे राहिले. कुणीच ओठ लावेना. मागे पाटलाचा नातू तहानेने रडू लागला, तशी दोघांनी एकदमच तांब्या तोंडाला लावला.

ती रीत गावात अजून चालते. संशय गेला का? छे! पण पोरं पोटभर पाणी पितात.

तात्पर्य: ज्या आराखड्यात माणसांचा संशय मांडलेला नसतो, त्यावर मोडलेलं गाव उभं राहत नाही.