जुनेरबंदी
आटपळगावचा राजा गादीवर बसला. पणजोबांचं मलमली पागोटं डोक्यावर चढवून त्याने पहिलीच दवंडी पिटवली, "माझ्या राज्यात जुनेर दिसता कामा नये. कापड विटलं की जाळा, नवं घ्या!" चौकाचौकात लुगडी जळू लागली. गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या.

वर्षाने राणीला मुलगा झाला. त्याला कोऱ्या जरीत गुंडाळलं, तर बाळ रडून रडून लालबुंद. राजाने गोधड्या शिवणाऱ्या चिमाबाईला बोलावलं.

"मऊ कापड आण, लवकर!"

"महाराज, मऊपणा मागावर विणता येत नाही. तो वापरून, धुऊन धुऊनच येतो. म्हणून तर तान्ह्याला आधी जुनेरात गुंडाळतात. पण ते सगळं तुम्ही जाळलंत."

"काहीच उरलं नाही?"

"एक उरलंय. चार पिढ्या वापरलेलं, लोण्यासारखं मऊ." चिमाबाईने राजाच्या डोक्याकडे पाहिलं. "आता हुकमाप्रमाणे ते जाळायचं, की बाळाला गुंडाळायचं, तेवढं सांगा."

राजाने पागोटं उलगडलं. बाळ झोपलं.

दवंडी मागे घ्यायला निघालेल्या माणसाला राजाने फक्त एवढंच बजावलं, "वाड्यापासून लांब जाऊन पिट. पोराचा डोळा लागलाय."