मालकांचं भंगार

सातप्पा कुंभार तीस वर्षं इंगळे मालकांच्या कारखान्यात टर्नर होता. तो निवृत्त झाला, तेव्हा कोपऱ्यात गंजत पडलेला कातकामाचा जुना लेथ मालकांनी त्याला देऊन टाकला. "भंगार आहे, ने घरी," म्हणाले.

सातप्पानं तो परसातल्या शेडमध्ये बसवला आणि वर्षभर लेकरासारखा जपला. गंज खरवडला, झिजलेल्या दातेरी चाकांच्या जागी स्वतः नवी घडवली. लेथ गुणगुणत फिरू लागला. गल्लीतल्या पोरांना भोवरे आणि बायकांना लाटणी मिळू लागली.

ही कीर्ती ऐकून मालक टेम्पो घेऊन आले. नव्या ऑफिसच्या दारात त्यांना वडिलांचा, अण्णांचा, हा लेथ दिमाखात मांडायचा होता.

"परत दे," ते चारचौघांत गरजले. "मी तुला भंगार दिलं होतं, चालतं यंत्र नव्हे!"

सातप्पा आत गेला आणि एक जड पोतं ओढत घेऊन आला. त्यात तुटकी चाकं, सडलेले बोल्ट आणि डबाभर गंज होता.

"खरं बोललात, मालक. तुमचं भंगार हे असं जपून ठेवलंय, घेऊन जावा. चालतं यंत्र तुम्ही दिलंच नव्हतं, मग ते परत कसं देऊ?"

गल्ली खदखदून हसली. मालक आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"ठेव बाबा तुझ्याकडंच," म्हणत ते लेथजवळ गेले. "लहानपणी अण्णा मला याला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा चालवू?"

सातप्पानं त्यांचा हात धरून त्यांच्याकडून पहिला भोवरा कातून घेतला.