कच्ची हौसा

कुठल्या गावातली गोष्ट ते विचारू नका, तुमच्या-माझ्या गावासारखंच गाव होतं. तिथे एक कुंभारीण राहायची आणि तिची एकुलती एक लेक होती हौसा.

हौसाला शाळेचं भारी वेड. सकाळ झाली की ओट्यावर पुस्तक उघडून बसायची आणि असा काही सूर लावायची की पाणवठ्यापर्यंत ऐकू जावा. धडा संपला की पुन्हा पहिल्या ओळीपासून, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया कौतुकाने थांबायच्या. "काय बाई अभ्यास करते पोरगी!" गावाला काय हो, आवाज मोठा तर अभ्यास मोठा. हौसालाही तेच वाटायचं. वाचताना पुढची ओळ ओठांवर आपसूक यायची, म्हणजे सगळं पाठ झालं की!

नदीपलीकडे एक मोठी शाळा होती. तिथल्या बाई येत्या बाजाराच्या दिवशी गावात येऊन परीक्षा घेणार होत्या. जो पास होईल तो पलीकडे शिकायला जाणार, बाकीच्यांची शाळा इथेच संपणार. हौसाच्या आईने तर जुन्या लुगड्याचं दप्तरसुद्धा शिवून ठेवलं होतं.

परीक्षेआधी गुरुजींना वाटलं, आपणच जरा चाचपून बघावं. त्यांनी हौसाला उभं केलं. "सांग बरं, बारा सत्ते किती?"

हौसाने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस..."

"अगं, सत्ते विचारलं. पहिल्यापासून नको."

हौसा गडबडली. मधलं काही येईचना! गुरुजींनी धड्यातलं विचारलं, "चंद्रग्रहण पौर्णिमेलाच का होतं?" तिला पानाचा कोपरा आठवला, त्यावरचा तेलाचा डाग आठवला, उत्तर मात्र गुल. मागच्या बाकावर खसखस पिकली.

गुरुजी रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "हौसा, तू अजून कच्ची आहेस गं."

झालं! पोरगी घरी आली ती रडतच. "आई, एवढं वाचते तरी काही राहत नाही. माझ्या डोक्यातच खोट आहे."

आईने पदराने तिचे डोळे पुसले. "असू दे गं बाय. नाहीच जमलं तर आपलं चाक कुठे पळून चाललंय?" आई बिचारी मायेनेच बोलली, पण ते ऐकून हौसाच्या काळजात चर्र झालं. तिला चाकाचा कंटाळा नव्हता हो, पण ते शिवलेलं दप्तर खुंटीवरच राहणार हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी भट्टीतून मडकी निघाली. आई म्हणाली, "उगाच तोंड पाडून बसू नकोस. ये, मडकी वाजवून घे."

हे हौसाचं लहानपणापासूनचं काम. एकेक मडकं उचलायचं, बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं की बाजाराच्या पाटीत. वाजवता वाजवता एक मडकं आलं, काय देखणं! गोल गरगरीत, रंग कसा लालबुंद. हौसाने टिचकी मारली तर आवाज आला, बद्द!

"अगं बाई, हे तर तडकलंय," हौसा हळहळली. "दिसत होतं किती छान!"

"दिसण्यावर काय जातेस? नुसतं बघत बसलं तर सगळीच मडकी छान," आई म्हणाली. "पण बरं झालं हो, घरीच कळलं! बाजारात गिऱ्हाइकासमोर बद्द वाजलं असतं तर केवढी शोभा झाली असती."

हौसाची टिचकी हवेतच राहिली. नुसतं बघत बसलं तर सगळीच छान! अगं बाई, ती तरी दुसरं काय करत होती? धडा उघडा ठेवून त्याच्याकडे बघत होती. वाजवला होता कधी?

"आई, ही चीर आता बुजते का गं?"

"आता कशी बुजणार? भाजून निघालं ते. कच्चं असतं तर पुन्हा भिजवलं असतं, मळलं असतं, नवं केलं असतं. कच्च्याचं सगळं होतं."

हौसा टुणकन उठली. "आई! मी कच्ची आहे! गुरुजी म्हणालेत, मी कच्ची आहे!" आणि नाचायलाच लागली. आई बघतच राहिली. कालपर्यंत याच शब्दावर रडत होती ना ही?

त्या दिवसापासून ओट्यावरचा सूर बंद झाला. हौसा धडा एकदा नीट वाचायची, पुस्तक मिटायची आणि स्वतःलाच प्रश्न विचारायची. कधी मधलाच, कधी शेवटचा. अडलं की म्हणायची, "बद्द!" मग तेवढंच उघडून बघायचं, समजून घ्यायचं आणि पुन्हा पुस्तक बंद. ग्रहणापाशी तर ती इतकी अडली की शेवटी अंगणात तीन मडकी मांडून सूर्य, पृथ्वी नि चंद्र करून बसली. आज आलेलं उद्या जातं, हेही तिला कळलं, म्हणून मधे दोन दिवस जाऊ देऊन जुना धडा पुन्हा वाजवायची. चूल फुंकता फुंकता आई मधेच ओरडायची, "बारा नव्वे?" आईला पाढे कुठे येत होते? पण विचारायला काय जातंय!

बाया मात्र कुजबुजल्या, "हौसाने अभ्यास सोडला वाटतं." बोलू द्या त्यांना.

बाजाराचा दिवस उजाडला. बाईंनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "चंद्रग्रहण पौर्णिमेलाच का गं होतं?"

हौसाला एकदम हसूच फुटलं. "बाई, इथे तर मी कितीदा अडलेय!" आणि तिने सांगितलं, की पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या बरोबर मधे आली तरच तिची सावली चंद्रावर पडते, आणि तसं मधे येणं पौर्णिमेलाच जमतं. मग पाढे विचारले, मधले, उलटे, कुठलेही. एके ठिकाणी अडली, पण घाबरली नाही. अडण्याची सवयच झाली होती ना! थोडं थांबली आणि सांगून मोकळी झाली.

"ये हो तू पलीकडे," बाई म्हणाल्या.

हौसा धावत सुटली ती थेट बाजारात, आईच्या पाटीपाशी. धापा टाकत सांगितलं, तशी आईने हातातलं मडकं खाली ठेवून आधी मोठ्ठा सुस्कारा सोडला. जीव भांड्यात पडला माउलीचा! मग डोळे पुसत तिने लेकीच्या डोक्यावर हलकीच टिचकी मारली. "झाली गं माझी पोर पक्की!"

"छे गं आई," हौसा म्हणाली. "नव्या शाळेत पहिल्या दिवशी पुन्हा कच्चीच. बरंच आहे की!"

तात्पर्य काय म्हणाल, तर पुस्तक उघडं असताना सगळ्यांनाच सगळं येतं. ते मिटून स्वतःला विचारून बघावं, आणि घरीच अडलं तर रडू नये, वेळेवर कळलं म्हणून हसावं.