एकशे तेरावी ओवी

"आता उघडतात का रे त्या फाइली?" अच्युतबुवांनी विचारले.

"उघडतात म्हणजे? चुटकीसरशी!" सुमेध म्हणाला.

मठातल्या जीर्ण पोथ्या संगणकावर उतरवायला सुमेधने स्वतः एडिटरचा प्रोग्रॅम लिहिला होता. बुवांचा शिष्य होऊन वर्षही झाले नव्हते, पण तो बोलायचा असा की सगळा मठ त्या एडिटरवरच उभा आहे. पोथीची फाइल त्यात झटकन उघडे. समासातल्या टिपांची फाइल उघडली, की मात्र एडिटर जागच्या जागी बंद पडे.

मठाची रीत अशी, की नक्कल पुरी झाली की जुनी पोथी नदीत सोडायची. चाळीस पोथ्या गेल्या पौर्णिमेला गेल्या. उरलेल्या बावीस पोथ्यांचे गाठोडे बुवांच्या शेजारी होते. त्या उद्या जायच्या होत्या.

"दोष कशात होता?"

"टिपांत. लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, बुवा. नसलेल्या ओव्यांवर टिपा लिहून ठेवल्यात. एडिटर ती ओवी शोधायचा, सापडायची नाही, की बंद पडायचा. आज सकाळी त्याला सांगून टाकलं, ओवी नसेल तर टीप गाळ."

"कुठली ओवी नाही?"

"ही बघा ना. एकशे बारानंतर थेट एकशे चौदा. आणि या शहाण्याची टीप एकशे तेरावर!"

बुवांनी गाठोडे सोडले, एक पोथी काढली, सावकाश पाने उलटली आणि एक पान त्याच्या हातात दिले.

"वाच."

सुमेध वाचू लागला. एकशे बारावी ओवी संपली...

तो थांबला.

एकशे तेरावी तिथे होती. चारही चरण शाबूत. एका शब्दात जुन्या वळणाचे एक अक्षर होते, आणि शेजारी समासात ती टीप.

"बुवा... हे अक्षर एडिटरला ओळखता येत नाही."

"मग काय करतो तो?"

"ती ओवी... जतनच करत नाही."

"असं कुणी शिकवलं त्याला?"

"मीच. अनोळखी अक्षर आलं तर गुपचूप पुढे जा म्हटलं. सारखा अडला असता तर चारचौघांत बरं दिसलं नसतं."

बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर नदीकडे गेली.

"त्या चाळीस पोथ्या!" तो ओरडलाच. "बुवा, त्या तर..."

"गेल्या."

"त्यांतल्या किती ओव्या..."

"मला विचारतोस?"

टिपा लिहिणाऱ्या त्या मेलेल्या माणसाला आपण वेड्यात काढले, आणि तो बिचारा ओवी ओवीवर बोट ठेवून बसला होता! सुमेधला स्वतःचीच किळस आली. तो धडपडत संगणकापाशी गेला.

"आत्ता शिकवतो त्याला हे अक्षर. आत्ता दुरुस्त करतो!"

बुवांनी कीबोर्डवर आपला हात ठेवला.

"सकाळी काय दुरुस्त केलंस?"

"ओवी हरवली की त्याचं... बंद पडणं."

बुवा गाठोडे पुन्हा बांधू लागले. गाठ मारून ते म्हणाले, "आधी त्याला पुन्हा बंद पडू दे."