द्वारकाबाईंचा प्रश्न

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात द्वारकाबाई नावाच्या एक बाई अंडी उबवून देण्याचं काम करत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं उबवणी यंत्र होतं, कपाटाएवढं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका गावठी कोंबड्यांची अंडी टोपलीत भुसा घालून त्यांच्याकडे आणत आणि एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन जात.

काम जोखमीचं होतं. यंत्रातली ऊब थोडी कमी झाली तरी पिल्लं मरत, थोडी वाढली तरी मरत. गावातली वीज कधीही जाई. ती गेली की थोड्याच वेळात जनरेटर सुरू करावा लागे. त्यामुळे द्वारकाबाई घर सोडून कुठे जात नसत. लेकीला मुलगी झाली, तेव्हा नातीचं तोंडसुद्धा त्यांनी फोनवरच पाहिलं.

तिकडे शहरात अभिराम नावाचा एक विक्रेता होता. छोट्या धंदेवाल्यांना उपयोगी पडतील अशी नवी यंत्रं त्याची कंपनी विकत असे. अभिराम दारोदार फिरत नसे. दर गुरुवारी दुपारी तो लोकांच्या फोनवर थेट दिसे. यंत्र हातात धरून चालवून दाखवे. बघणारे प्रश्न लिहीत आणि तो नाव घेऊन उत्तर देई. "बोला वसंतराव." "छान विचारलंत, रेहानाताई." आइस्क्रीमवाले, औषध दुकानदार, फुलवाले, सगळ्यांना वाटे की हा आपल्यासमोरच बसून आपल्याशी बोलतो आहे.

माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला तो प्रत्येकाला पुरतं उत्तर देत असे. पण एकदा त्याने एका यंत्राची उणीव नीट समजावून सांगितली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोनशे बघणाऱ्यांचे चाळीस उरले. वरचे साहेब त्याला म्हणाले, "अभिराम, खोटं कधी बोलू नकोस. पण विचारलं तेवढंच सांग." तेव्हापासून तो विचारलं तेवढंच सांगू लागला.

एका गुरुवारी त्याने एक छोटी डबी दाखवली. "ही तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा, भट्टीत ठेवा, उबवणी यंत्रात ठेवा. आतलं तापमान बिघडलं की तुम्ही कुठेही असा, तुमचा फोन वाजणार."

द्वारकाबाई ते बघत होत्या. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "वीज गेली तर निरोप येतो का?"

अभिरामला उत्तर पक्कं ठाऊक होतं. डबीत स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे वीज गेली तरी डबी चालू राही. पण तिचा निरोप घरातल्या वायफायच्या राउटरमधून जाई. वीज गेली की राउटर बंद पडे आणि निरोप घरातच अडकून राही. राउटरला वेगळी बॅटरी जोडली की अडचण मिटत होती. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण त्या वेळी अडीचशे माणसं बघत होती आणि बरेच जण घेण्याच्या बेतात होते.

"द्वारकाताई, अगदी मुद्द्याचं विचारलंत," तो हसून म्हणाला. "वीज गेली तरी आपली डबी आठ तास चालू राहते."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

द्वारकाबाईंनी पुन्हा लिहिलं, "म्हणजे निरोप येतो ना?"

त्याखाली कुणा बेकरीवाल्याने लिहिलं, "हो ताई, आत्ताच सांगितलं ना त्यांनी."

अभिरामने दोन्ही ओळी वाचल्या. तो क्षणभर थांबला. मग त्याने पुढचा प्रश्न घेतला. तो डबीच्या रंगाविषयी होता.

डबी आली. द्वारकाबाईंनी ती यंत्रात बसवली आणि मुद्दाम यंत्राचं दार उघडं ठेवून पाहिलं. लगेच फोन वाजला. त्यांना केवढा तरी धीर आला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्या वाटणीचा पहारा द्यायला आलं होतं.

चैत्रात नातीचा पहिला वाढदिवस आला. यंत्रातल्या अंड्यांचा त्या दिवशी विसावा दिवस होता. शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "जा तू. मी बसते खोलीत."

"नको गं, आता हे कळवतं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि सकाळच्या एसटीने लेकीच्या गावी गेल्या.

त्या खेपेला यंत्रात हौसाआजीची अकरा अंडी होती. आजीच्या कोंबड्या उघड्या मानेच्या होत्या, मानेवर एकही पीस नसलेल्या. तिच्या आईने तिला सासरी पाठवताना एक जोडी दिली होती, तिचाच हा वंश. महिन्यापूर्वी कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि आजीचं खुराडं रिकामं झालं. पंचक्रोशीत तसल्या कोंबड्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. साथीआधी घातलेली ही अकरा अंडी तेवढी उरली होती.

दुपारी बाराच्या सुमाराला गावाबाहेरच्या डीपीतला फ्यूज उडाला आणि सगळ्या गावाची वीज गेली. यंत्राचा पंखा थांबला. वर पत्रा तापलेला, आत हवा कोंडलेली. डबीची बॅटरी चालू होती. वाढती उष्णता ती इमानाने टिपत होती. पण राउटर बंद होता. कमलताई ओसरीवर बसून पदराने वारा घेत होत्या. त्यांनी एकदोनदा त्या खोलीकडे पाहिलं. द्वारकाला फोनवर कळलंच असेल, ती कुणाला तरी जनरेटर लावायला सांगेल, असं त्यांना वाटलं.

द्वारकाबाईंनी दर थोड्या वेळाने फोन पाहिला. वीज जाण्याआधीचा शेवटचा आकडा त्यावर तसाच होता आणि खाली लिहिलं होतं, 'सर्व ठीक'. चौथ्यांदा पाहिल्यावर त्यांनी फोन पिशवीत ठेवला आणि नातीला मांडीवर घेतलं.

दिवस मावळायच्या आत त्या परतल्या. वीज नुकतीच आली होती, पंखा फिरत होता. विसाव्या दिवशी पिल्लं कवचाच्या आतूनच चिवचिव करू लागतात. खोलीत पाऊल टाकताच तो आवाज कानी येतो. त्या दिवशी आला नाही. द्वारकाबाईंनी यंत्राचं दार उघडलं. काही अंड्यांना टोचा पडला होता आणि त्यातून चोचीचं टोक बाहेर आलेलं होतं. त्यांनी एक अंडं उचलून कानाशी धरलं. मग दुसरं. मग तिसरं. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं द्वारकाबाईंना वाटलं. सगळ्यात शेवटी हौसाआजी आली. तिने आपली अकरा अंडी पदरात घेतली आणि एवढंच म्हणाली, "द्वारके, तुझा काय दोष." ती अंडी तिने परड्यात, खुराड्याशेजारी पुरली.

द्वारकाबाईंनी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की डबी नीट चालू होती आणि राउटर कंपनीने दिलेला नव्हता. ते उत्तर पाठवण्याआधी त्यांच्या तक्रारीचा कागद अभिरामकडे आला होता. नाव वाचताच त्याला ते दोन प्रश्न आठवले. त्याने त्या गुरुवारचं चित्रण काढून पाहिलं. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा होता. वाचणारा, क्षणभर थांबणारा आणि मग रंगाबद्दल बोलू लागणारा. त्याने ते पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहवलं नाही.

चार दिवसांनी तो एसटीने त्या गावी आला. द्वारकाबाई रिकाम्या यंत्राचे कप्पे पुसत होत्या. हौसाआजी उंबऱ्यात बसली होती.

"मी अभिराम," तो म्हणाला. "डबी दाखवणारा."

आजीने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "ह्योच का? चेहऱ्यानं तर भला दिसतोय."

अभिरामने मान खाली घातली. "ताई, मी आजवर कुणाशी खोटं बोललो नाही. तुमच्याशीही नाही. डबी खरंच चालू राहते. पण..."

"माहीत आहे मला," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "भाऊ, तुम्ही खोटं बोलला असतात, तर कदाचित मी ओळखलं असतं. हे यंत्र घ्यायच्या आधी अर्धा जन्म बाजारात गेला माझा. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मला कळतात. तुमचं सगळं खरं होतं, म्हणून मी फसले."

त्याने डबी परत घेऊन तिच्या जागी नवं यंत्र पाठवायची तयारी दाखवली. द्वारकाबाई नको म्हणाल्या. त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि परतीच्या एसटीची वेळ सांगितली.

पुढच्या गुरुवारी अभिरामने सगळ्यांसमोर राउटरची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ज्यांनी डबी घेतली होती, त्या सगळ्यांना त्याने स्वतः फोन केले. कुणाचं औषध वाचलं, कुणाचं दूध वाचलं. त्यानंतर महिनाभरात त्याच्या जागी दुसरा विक्रेता बसला.

द्वारकाबाईंनी यंत्र पुन्हा सुरू केलं, पण टोपल्या फारशा आल्या नाहीत. बायका त्यांच्याशी पूर्वीसारख्याच गोड बोलत. अंडी मात्र घरीच खुडूक कोंबडीखाली ठेवत. वर्षभराने द्वारकाबाईंनी ते यंत्र दुसऱ्या तालुक्यातल्या एका माणसाला देऊन टाकलं. आता त्या हव्या तेव्हा लेकीकडे जाऊ शकत होत्या. पण तिथे बसल्या बसल्या त्या मध्येच बोलायच्या थांबत, आणि नात त्यांचा हात ओढून विचारी, "आजी, काय ऐकतेस?"

तात्पर्य: समोरच्याने भरवशाने विचारलेलं असताना जो मुद्दाम अर्धंच खरं सांगतो, तो खोटं बोलणाऱ्याइतकाच दोषी असतो, आणि उरलेलं अर्धं नंतर सांगितलं तर पुढचे लोक वाचतात, पण आधी गेलेलं परत येत नाही.