बी निगेटिव्हचा फोन

"मग रक्तगट बदलला कोणी, सर? आपोआप बदलतो का?"

प्रफुल्ल डोईफोडेने प्रश्न विचारला खरा, पण त्याला उत्तर नको होतं. उत्तर तो फाइलीत घालूनच आला होता.

नाफडे मास्तरांनी आयुष्यभर तालुक्यातल्या पोरांना आधी टायपिंग आणि मग फॉक्सप्रोत याद्यांचे प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. प्रफुल्ल त्यातला सगळ्यांत हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. रक्तपेढीच्या रक्तदात्यांची यादी त्यानेच संगणकावर चढवली होती.

आता त्या यादीत चौदा जणांचे गट चुकीचे निघाले होते. गेल्या आठवड्यात एका बाळंतिणीसाठी चाळीस किलोमीटरवरून रक्तदाता बोलावला, तर त्याचा गटच वेगळा. दुसरा मिळेपर्यंत दीड तास गेला. बाई वाचली, नशीब.

प्रफुल्लचा संशय शेलूकर बाईंवर होता. रक्तपेढीच्या संगणकावर त्याच बसतात. त्यांच्या जावेचा भाऊ दुसऱ्या रक्तपेढीत कामाला. यंत्राने नोंदलेल्या वेळा पाहिल्या, तर चौदाही बदल त्यांच्या पाळीतले. तक्रारीचं पत्र तयार होतं. मास्तरांनी जाणकार म्हणून खाली सही केली की उद्या सकाळी बाई घरी.

"बाई काय म्हणतात?"

"त्या काय म्हणणार, सर…"

मास्तरांनी पत्र बाजूला सारलं आणि पडदा दाखवायला सांगितलं.

प्रफुल्लने यादीच्या प्रतीची फ्लॉपी घातली. निळ्या पडद्यावर नावं, गावं, गट अशी सगळी यादी उलगडली. तो खुलला. प्रोग्रॅमच्या एका ओळीत काम केलंय, म्हणाला. बाणाने कुठंही जा, तिथंच टाइप करा, खालच्या ओळीवर गेलात की आपोआप साठवलं जातं. विचारणं नाही, थांबणं नाही.

मास्तर बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत नापसंती होती.

"पाहायचा पडदा कुठला आणि बदलायचा कुठला?"

"दोन्ही हाच. दोन कशाला हवेत?"

"हं…"

प्रफुल्लच्या मनात पाल चुकचुकली. शेलूकर बाई याच मास्तरांकडे टायपिंग शिकल्या होत्या. म्हातारा तिला पाठीशी घालतोय की काय?

"दवाखान्यातून फोन आला, की बाई काय करतात?"

"यादीत शोधतात."

"कशा?"

ते प्रफुल्लने कधी पाहिलंच नव्हतं.

मास्तरांनी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले.

"समज, मी शेलूकर बाई. फोन आलाय. बी निगेटिव्ह पाहिजे, लवकर."

ते बाणाने गटाच्या रकान्यात गेले. तिथं बी हे अक्षर दाबलं. बी गटाची माणसं वर येतील म्हणून वाट पाहिली. यादी जागची हलली नाही. मग तो नाद सोडून ते बाणाने खाली सरकले आणि एकेक नाव डोळ्यांनी वाचू लागले.

"सर… थांबा. त्या ओळीतल्या बेलसऱ्यांचा गट ओ होता. तुम्ही बी केलात."

"मी कुठं? मी तर नुसतं शोधतोय."

प्रफुल्लने फाइल उघडली. त्यात फोनच्या वहीच्या झेरॉक्स होत्या. बाई त्या त्या वेळी खुर्चीवरच होत्या, हे सिद्ध करायला त्यानेच आणलेल्या. आता त्याने पहिल्यांदा त्यातली मागणी वाचली. ज्या दिवशी ए गटासाठी फोन, त्या दिवशी कुणाचा तरी ए झालेला. ज्या दिवशी बीसाठी, त्या दिवशी बी. चौदाच्या चौदा.

त्याला शरम वाटली, पण हुशार माणसाची शरम फार वेळ टिकत नाही.

तो भराभर बोलू लागला. जुन्या कागदी रजिस्टरवरून चौदा नोंदी आजच दुरुस्त करतो. शोधायला वेगळी कळ देतो. पाहायचा पडदा वेगळा, त्यात अक्षर उमटणारच नाही. बदलायच्या पडद्यावर तर असा पहारा बसवतो, की कुणाच्या नोंदीला हात लावायच्या आधी यंत्र थांबेल आणि समोरच्या माणसाला विचारेल.

"आता चालेल ना, सर?"

मास्तरांनी सही न केलेलं पत्र त्याच्या हातात दिलं.

"यंत्र विचारेल रे…" ते म्हणाले. "तू कधी विचारणार?"