टिटवीआक्कांचा सल्ला

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या माळावर ससे आणि हरणं फुटबॉल खेळायची. जो संघ जिंकेल त्याला उन्हाळाभर काठचं कोवळं गवत मिळे. सशांचे कोच होते म्हातारे कासवअण्णा. सशांची चाहती एकच, पण शंभरांना भारी: टिटवीआक्का.

एका वर्षीच्या सामन्यातही आक्का दगडावर उभ्या राहून ओरडत होत्या. "भुऱ्याकडे द्या रे! खेळाडू म्हणावा तर तोच! त्या ठेंगूला देऊ नका. त्याला संघात घेतलंच कुणी? या कोचला काही कळतं का?"

ससे बिचारे ऐकायचे आणि भुऱ्याकडेच चेंडू द्यायचे. तिथे हरणं आधीच येऊन उभी असायची. मध्यंतरापर्यंत सशांवर एक गोल चढला.

"अण्णा, आधी आक्कांना गप्प करा," भुऱ्या धापा टाकत म्हणाला.

"छे, ओरडू देत की. तुम्ही आता चेंडू ठेंगूला द्या."

"पण ठेंगूला देऊ नका म्हणतायत त्या!"

"हो ना. हरणांनीही ते ऐकलंय."

मध्यंतरानंतर आक्का आणखी जोरात ओरडल्या. हरणांनी भुऱ्याला घेरून ठेवलं, आणि ज्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं त्या ठेंगूनं दोन गोल मारले.

सामना संपल्यावर आक्का ऐटीत अण्णांकडे आल्या. घसा पार बसला होता. "बघितलंत? मी होते म्हणून जिंकलात!"

"अगदी खरं, आक्का," अण्णा मनापासून म्हणाले. "पुढच्या सामन्यालाही नक्की या. आणि सांगायचं ते असंच मोठ्यानं सांगा."